दोराचं दुसरं टोक

सव्वा वर्ष ती बर्फाची होती, आता घरची झाली, असं विहंगने मुंबई विमानतळावरून नाशिकला येताना गाडी चालवता चालवता मनाशी ठरवून टाकलं. घाट चढून इगतपुरीला चहासाठी थांबले तर इरा टपरीमागच्या बांधावर गेली, खाली वाकली, आणि मूठभर माती घेऊन हुंगत उभी राहिली.

"तिकडे कशालाच वास नसतो," ती म्हणाली. "डिझेलला असतो, आणि माणसांना."

विहंग हसला. त्याला ते फार आवडलं. दुसऱ्या दिवशी अंबडच्या कारखान्यात चहाच्या वेळेला त्याने ते सगळ्यांना सांगितलं. पंपांचे सुटे भाग बनवणाऱ्या त्या कारखान्यात तो तपासणी विभाग बघायचा, आणि ज्याची बायको दक्षिण ध्रुवाकडे हिवाळा काढून आली होती असा तिथे तो एकटाच होता.

इराचं काम पृथ्वीच्या चुंबकत्वाचं. भारताच्या अंटार्क्टिकावरच्या केंद्रापासून दूर, बर्फात एक लाकडी खोपटं होतं आणि त्यात तिची यंत्रं होती. लोखंडाचा कणही जवळ आला तरी नोंद बिघडते, म्हणून तिथे जायचं तर पट्ट्याचं बक्कल, चाव्या, वायरलेस सेट, सगळं अलीकडच्या पेटीत काढून ठेवायचं. हिवाळ्यात सूर्य उगवतच नाही तेव्हासुद्धा ती रोज तिथे जायची. हे सगळं विहंगला ठाऊक होतं. फोन आठवड्यातून दोनदा यायचा, आवाज जरा मागे पडायचा, पण ती सांगायची. निदान त्याला वाटायचं, की ती सांगते.

पहिले पंधरा दिवस बरे गेले. इरा बाजारातून कोथिंबिरीच्या जुड्या आणायची आणि निवडण्याआधी त्यात नाक खुपसून बसायची. नळाखाली हात धरून नुसती उभी राहायची. कॉलेज रोडवर शनिवारी संध्याकाळी माणसांची गर्दी बघितली की त्याच्या दंडाला घट्ट धरायची. डाव्या हाताच्या दोन बोटांची टोकं पांढुरकी दिसत होती. त्याने विचारलं तर म्हणाली, "थंडीने. जाईल हळूहळू." चहाचा कप ती उजव्याच हाताने उचलायची.

मग त्याच्या लक्षात यायला लागलं, की ती बोलताना सारखं "आम्ही" म्हणते. आम्ही वाळवलेले कांदे खायचो. आम्ही दरवाजाला "आजोबा" म्हणायचो, कारण तो कुरकुरायचा. आम्ही एकमेकांशी आठ-आठ दिवस बोलायचो नाही आणि मग एकदम सगळे एकाच डब्यातल्या गुलाबजामवर तुटून पडायचो. लग्नाला सहा वर्षं झाली होती. इतकी वर्षं "आम्ही" म्हणजे ती आणि विहंग, यात त्याला कधी शंका आली नव्हती. आता त्या शब्दात वीस-बावीस अनोळखी माणसं शिरून बसली होती आणि त्यालाच बाहेर उभं राहावं लागत होतं.

त्या माणसांतला एक नाशिकलाच येऊन पडला. सोमनाथ हा सैन्यातला हवालदार, गाड्यांचा मेकॅनिक. केंद्रावरच्या बर्फात चालणाऱ्या गाड्या आणि जनरेटर तो सांभाळायचा. मोहिमेहून परतल्यावर त्याची तात्पुरती नेमणूक देवळाली कॅम्पला, तोफखान्याच्या वर्कशॉपमध्ये झाली. मूळचा बागलाणातल्या नामपूरचा. इराला हे कळलं त्या दिवशी ती लहान मुलीसारखी खूश झाली.

"किती जवळ आला रे," ती म्हणाली. "बसने अर्धा तास."

त्यानंतर दर आठ-दहा दिवसांनी तिची देवळालीला फेरी व्हायला लागली. "तू पण चल ना," असं ती दर वेळी म्हणायची आणि दर वेळी विहंगला काहीतरी काम निघायचं. खरं तर काम नसायचं. आपण गेलो तर पाहुण्यासारखं बसावं लागेल, त्यांच्या हसण्याचा अर्थ विचारावा लागेल, हे त्याला नको होतं. ती सोमनाथला "तुम्ही" म्हणायची. त्याचा त्याला खरं तर दिलासा वाटायला हवा होता. उलट त्या "तुम्ही"मध्ये त्याला असा काही आदर ऐकू यायचा, जो त्याच्या वाट्याला कधी आला नव्हता.

'मेकॅनिक तर आहे,' तो मनात म्हणायचा, आणि असं म्हटल्याची लाज वाटून आणखी चिडायचा.

एका गुरुवारी, इरा देवळालीला गेली असताना, त्याने अर्ध्या दिवसाची रजा टाकली आणि स्कूटर देवळालीकडे वळवली. कशासाठी, हे त्याने स्वतःला विचारलं नाही. कॅम्पच्या बाजारात दुकानांच्या पुढे एक रसवंती होती. तिच्या मांडवात बाकावर दोघं बसलेली दिसली. सोमनाथ ठेंगणा, रुंद खांद्यांचा, अर्ध्या बाह्यांच्या शर्टातला माणूस. विहंग रस्त्याच्या पलीकडे मेडिकलच्या दुकानाच्या आडोशाला थांबला.

ती दोघं बोलत नव्हती. हसत तर नव्हतीच. मध्ये रिकामा हात-दीड हात सोडून दोघं समोर बघत बसली होती. उसाचा रस पिऊन झाला होता, ग्लास उचलून नेले होते, चरकाचे घुंगरू वाजत होते, आणि ती दोघं नुसती बसून होती. विहंग बराच वेळ बघत राहिला. इराने एकदाही सोमनाथकडे वळून काही म्हटलं नाही. त्याला वाटलं, हातात हात घेऊन बसली असती तरी इतकं लागलं नसतं. घरी तो दोन मिनिटं गप्प बसला तर इरा विचारायची, काय झालं? आणि इथे त्या माणसापाशी तिला शब्दांची गरजच नव्हती.

तो तसाच मागे फिरला. संध्याकाळी इराने विचारलं, "आज लवकर आलास?" तो म्हणाला, "वीज गेली होती."

त्यानंतर चार दिवसांनी सकाळी तिचा फोन वाजला. ती अंघोळीला गेली होती. पडद्यावर सोमनाथचं नाव बघून विहंगने उचलला.

"नमस्कार साहेब, सोमनाथ बोलतोय. मॅडम नाहीत का? काही नाही, रविवारी आम्ही सगळे नामपूरला चाललो. आई लय दिवसांपासून मॅडमला बघायचं म्हणती. तुम्ही दोघांनी यायचं. सकाळी गाडी घेऊन येतो. मॅडमला तेवढं सांगा."

"सांगतो," विहंग म्हणाला.

त्याने सांगितलं नाही. फोनमधली त्या कॉलची नोंदही पुसून टाकली. रविवारी मित्राकडे गंगापूर धरणाजवळच्या शेतावर जायचं त्याने ठरवलं आणि इराही हो म्हणाली. शनिवारी झोपताना त्याला वाटलं, सोमनाथ पुन्हा फोन करेल, तेव्हा तीच सांगेल की जमणार नाही, आणि गोष्ट तिथेच मिटेल. पण सांगितलेलं काम झालं असं धरून चालणाऱ्यांपैकी सोमनाथ होता. त्याने फोन केला नाही.

रविवारी सकाळी दाराची बेल वाजली. सोमनाथ आणि त्याची बायको वेदिका. वेदिकाने ठेवणीतली साडी नेसली होती, हातात पेढ्यांचा पुडा होता. इरा ओल्या केसांनी बाहेर आली.

"तयार नाही का मॅडम?" सोमनाथ म्हणाला. "नामपूरला जायचं ना. साहेबांना बोललो होतो मी."

इराने विहंगकडे बघितलं. एकच क्षण. विहंगने पेढ्यांच्या पुड्याकडे बघितलं.

"अगं बाई, मीच विसरले," इरा म्हणाली. "विहंगने सांगितलं होतं. बसा, बसा तुम्ही. वेदिका, तू आत ये. मी दहा मिनिटांत येते."

तिने खोटं बोलून त्याला वाचवलं आणि त्यामुळे त्याला घरात उभं राहणं कठीण झालं. त्याने मित्राला फोन करून येत नसल्याचं कळवलं आणि गाडीत मागच्या सीटवर जाऊन बसला.

नामपूरला पोहोचेपर्यंत ऊन डोक्यावर आलं. गावाच्या अलीकडे, मळ्यातच सोमनाथचं घर होतं. उन्हाळी कांदा काढून झाला होता आणि मजूर तो बांबूच्या कांदाचाळीत भरत होते. सगळीकडे त्याचा उग्र वास. इराने गाडीतून उतरताच छातीभरून तो वास घेतला.

ओट्यावर सोमनाथची आई फुलाबाई बसली होती. ती उठली, इराच्या जवळ आली, काही न बोलता तिचा डावा हात आपल्या हातात घेतला आणि ती दोन बोटं उन्हात धरून निरखायला लागली.

"हाईच का ती पोर?" तिने सोमनाथला विचारलं. मग इराला म्हणाली, "माय, तुन्ही बोटं आते बरी शेतस का?"

"बरी आहेत, आजी," इरा म्हणाली. "कापावी नाही लागली."

विहंगला ऐकू आलं ते नीट कळायला थोडा वेळ लागला. कापावी नाही लागली. ओट्यावर पाणी घेऊन आलेली शेजारीण, दारातली पोरं, सगळी त्या बोटांकडे बघत होती. सगळ्यांना माहीत होतं. या मळ्यातल्या शेजारणीलासुद्धा. आणि जो तिचं बोट धरून सप्तपदी चालला होता त्याला सांगितलं होतं, थंडीने, जाईल हळूहळू.

जेवणं झाली. फुलाबाई इराला घेऊन आत बसली. सोमनाथ चाळीकडे गेला. विहंग मागच्या अंगणात लिंबाखाली खाटेवर जाऊन बसला. वेदिका तिथे भांडी घासत होती.

"भाऊ, एक विचारू?" वेदिका म्हणाली. "निरोप तुम्हीच दाबला ना?"

विहंग खाटेची दोरी नखाने उकरायला लागला.

"मी पण एकदा दाबलाय," ती परात घासत म्हणाली. "मॅडमचा फोन आला होता. हे झोपलेत म्हणून सांगितलं. समोरच बसलेले होते."

"मग?"

"मग काय. यांनी सगळं ऐकलं. काही बोलले नाहीत. बोलले असते तर बरं वाटलं असतं." तिने परात पालथी घातली. "मला ठाऊक आहे, त्यांच्यात तसलं काही नाही. तसलं असतं तर मी भांडले असते, माझ्या भावांना बोलावलं असतं. याच्याशी कसं भांडायचं? माझा नवरा चांगला आहे. घरी येतो, पगार देतो, आईचं करतो. पण त्याला वाईट स्वप्न पडलं की तो मला उठवत नाही. म्हणतो, तुला नाही कळणार. आणि खरंच मला नाही कळत."

विहंगने विचारलं, "तिथे झालं काय होतं?"

वेदिकाचे हात थांबले. "मॅडमनी नाही सांगितलं तुम्हाला?"

त्याने मान हलवली.

"मग मी कशी सांगू," ती म्हणाली. तिच्या आवाजात कीव होती आणि ती त्याला सहन झाली नाही. तो उठून चाळीकडे गेला.

सोमनाथ मजुरांना पाटी उचलून देत होता. विहंगला बघून तो बाजूला आला, हात पुसले.

"निरोपाचं मी मुद्दाम केलं," विहंग म्हणाला.

"कळलं मला ते, साहेब. मॅडम काही विसरत नाहीत."

"राग नाही आला?"

सोमनाथने जरा विचार केला. "आला. मुद्दाम गाडी घेऊन आलो, बायको पहाटेपासून उठली होती. आला की राग." मग म्हणाला, "पण तुमच्या जागी मी असतो तर मी पण असलंच काहीतरी केलं असतं."

विहंगला त्याने असं समजून घ्यायला नको होतं. त्याने शिवी दिली असती तर हिशोब बरोबर झाला असता.

सोमनाथला तिथे आणखी दोन दिवस थांबायचं होतं, म्हणून संध्याकाळच्या आत विहंग आणि इरा बसने निघाली. सटाण्यापर्यंत इरा खिडकीबाहेर बघत होती. बस अर्धी रिकामी होती. विहंगनेच सुरुवात केली.

"मी निरोप दिला नाही."

"माहीत आहे."

"बोटांचं काय झालं होतं?"

इराने डावा हात मांडीवर उपडा ठेवला आणि त्याच्याकडे बघत सांगायला लागली. आवाज अगदी सपाट होता, एखाद्या तिसऱ्याच बाईचं सांगावं तसा.

जुलै होता. बाहेर अहोरात्र अंधार. ती खोपट्यात नोंदी घेत असताना वारा सुटला. इतक्या लवकर सुटेल असा अंदाज नव्हता. केंद्रापासून खोपट्यापर्यंत खांबांना बांधलेला दोर होता, तो धरूनच यायचं-जायचं. ती निघाली. पेटीतला वायरलेस घ्यायला गेली तर पेटी बर्फाखाली गेली होती. दोर धरून थोडी पुढे आली आणि एका जागी दोरही बर्फात गाडला गेला होता. तो उकरून वर काढायला तिने वाकून दोन्ही हात घातले आणि वाऱ्याने तिला उचलून बाजूला टाकलं. उठली तेव्हा दोर नव्हता. डाव्या हातातला मोजा नव्हता. हात पुढे केला तर स्वतःचा हात दिसत नव्हता.

"केंद्राचे दिवे तिथेच असणार, हाकेच्या अंतरावर," ती म्हणाली. "पण हाक माझ्याच कानापर्यंत पोहोचत नव्हती. आम्हाला शिकवलेलं होतं, हरवलात तर चालू नका, बसा. मी बसले. आधी खूप भीती वाटली. मग वाटेनाशी झाली. मग छान झोप यायला लागली. ती सगळ्यात वाईट गोष्ट होती, विहंग, की मला छान वाटत होतं."

ती वेळेत परतली नाही म्हणून सोमनाथने शेवटच्या शाबूत खांबाला वेगळा दोर बांधला, त्याचं दुसरं टोक कमरेला, आणि केंद्राच्या प्रमुखांनी थांब म्हटलेलं असताना बाहेर पडला. दोर ताणून अर्धवर्तुळात चालत राहिला, मग दोर थोडा सोडून पुन्हा. तो तिला दिसला नाही, तीही त्याला दिसली नाही. तो तिच्या पायाला अडखळून पडला.

"आत आल्यावर तो रडला. डॉक्टर माझी बोटं बघत होते आणि तो कोपऱ्यात उभा राहून रडत होता. म्हणत होता, दोर संपला होता. पुढच्या फेरीला दोरच नव्हता." इराने मांडीवरचा हात उताणा केला. "त्यानंतर वारा सुटला की मी जनरेटरच्या खोलीत जाऊन बसायचे. तिथे इतका आवाज असतो की वारा ऐकू येत नाही. तो तिथेच कामाला. आम्ही काही बोलायचो नाही. बोललं तर ऐकू आलंच नसतं."

बस कुठल्याशा फाट्यावर थांबली. द्राक्षाच्या रिकाम्या क्रेट घेऊन एक माणूस चढला आणि त्या लावण्यात बराच वेळ गेला.

"मला का नाही सांगितलंस?" विहंगने विचारलं.

"तेव्हा मी प्रमुखांना हात जोडले की घरी कळवू नका. हिवाळ्यात तिथे विमान उतरत नाही. तुला कळलं असतं तर तू काय करणार होतास? रोज काळजीने अर्धा झाला असतास आणि फोनवर मला तुझी समजूत घालावी लागली असती. माझ्यात तेवढं उरलं नव्हतं."

"आणि परत आल्यावर?"

"परत आल्यावर तू इतका खूश होतास. सगळ्यांना मातीची गोष्ट सांगत होतास. मला वाटलं, एवढी एक जागा तरी अशी राहू दे, जिथे ते झालेलंच नाही. तू म्हणजे ती जागा."

विहंगला हे बोलणं प्रेमाचं आहे हे कळत होतं. तरी आत काहीतरी जळत राहिलं. "मला त्याचा हेवा वाटतो," तो म्हणाला. "तू मरत होतीस आणि तो तिथे होता. मी त्या वेळी काय करत होतो मला आठवतही नाही. बहुतेक जेवत असेन."

"मलाही वाटतो," इरा म्हणाली.

"कुणाचा?"

"तुझा. तू पाठ टेकलीस की झोपतोस. मी रोज बघते आणि मला तुझा राग येतो."

तिने डावा हात त्याच्या गुडघ्यावर ठेवला आणि नाशिक येईपर्यंत काढला नाही.

यानंतर सगळं सुरळीत झालं असं नाही. सोमनाथचा फोन आला की तो किती वेळ चालला हे विहंग अजूनही घड्याळात बघायचा. फरक एवढाच, की आता तो आतल्या खोलीत जायचा नाही. इरा मधूनच काहीतरी सांगायची. कधी भाजी चिरताना, कधी सिग्नलला थांबल्यावर. क्रमाने नाही. स्वयंपाक्याने आईच्या आठवणीत एक दिवस पुरणपोळी केली ती कशी फसली. सूर्य पहिल्यांदा परत आला तेव्हा सगळे बाहेर धावले आणि एकमेकांचे पिवळे पडलेले चेहरे बघून गप्प झाले. विहंग ऐकायचा. मध्येच "तेव्हा कोण कोण होतं?" असं विचारावंसं वाटायचं. निम्म्या वेळा तो विचारायचा नाही.

मेच्या अखेरीस सोमनाथची बदली झाली, थेट ईशान्येकडे. बातमी ऐकली तेव्हा विहंगला जो आनंद झाला त्याची त्याला लाज वाटली, पण आनंद झाला हे खरं. देवळाली स्टेशनवर विहंग आणि इरा निरोप द्यायला गेली. फुलाबाई नामपूरहून आली होती. वेदिका सोमनाथबरोबर जाणार होती. विहंगने त्यांची लोखंडी ट्रंक डब्यात चढवली. फलाटावर वेदिकाची आणि त्याची नजरानजर झाली. तिच्या चेहऱ्यावर त्याला आपलाच आनंद दिसला, आणि दोघांनी एकदम दुसरीकडे बघितलं.

इरा आणि सोमनाथने हात जोडून एकमेकांना नमस्कार केला. एवढंच. गाडी हलली.

बाहेर स्कूटरपाशी आल्यावर इरा रडायला लागली. विहंग तिची पिशवी धरून उभा राहिला. येणारे-जाणारे बघत होते. आपल्यासाठी ती अशी कधी रडली होती का, हे तो आठवायचा प्रयत्न करत होता, आणि असा विचार मनात येतोय म्हणून स्वतःवर चिडत होता. तिचं रडून झालं. तिने ओढणीने तोंड पुसलं.

"मी पुन्हा मोहिमेला अर्ज करणार आहे," ती म्हणाली. "या वर्षी नाही. त्याच्या पुढच्या."

"त्याच खोपट्यात?"

"त्याच. मला तिथे एकदा नीट जाऊन यायचंय. नाहीतर ते तसंच राहील."

रिक्षावाले गिऱ्हाइकांना हाका मारत होते. विहंगने पिशवी स्कूटरच्या हुकाला अडकवली, परत काढली, परत अडकवली.

"कर अर्ज," तो म्हणाला. "पण या वेळी काही झालं तर मला कळवायचं. त्याच दिवशी. तू स्वतः. नामपूरच्या आजींच्या आधी."

"तुला झेपेल?"

"नाही झेपणार," विहंग म्हणाला. "तरी कळव."

तिने मान डोलावली आणि मागे बसली. त्याने किक मारली.